मनाची तयारी

“मनाची तयारी आहे ना?” हा प्रश्न मला त्या वर्षी इतक्या जणांनी विचारला की पुढे पुढे तो पुरता ऐकायच्या आतच मी मान हलवायला लागले. नवऱ्याने विचारला. दादाने कोल्हापूरहून फोनवर विचारला, मग वहिनीने त्याच्याकडून फोन घेऊन परत विचारला. ऑफिसातल्या ज्या एकाच मैत्रिणीला ठाऊक होतं, तिने डबा खाताना विचारला. सूर सगळ्यांचा सारखा: तयारी असेल तरच जा, नाहीतर रजाही जाईल आणि पैसेही. मी हो म्हणायचे. खरं उत्तर होतं, नाही. ज्या दिवशी दारू सोडायच्या केंद्रात दाखल झाले, त्या दिवशीसुद्धा ते नाहीच होतं.

आपल्याकडे दारूसाठी ॲडमिट व्हायचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून निर्धारावर येतं. अमक्याने ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. तमक्याला तीनदा ठेवलं, पण सुटली नाही, कारण त्याचंच मन नव्हतं. या हिशेबाने केंद्र म्हणजे बोर्डाची परीक्षा, अभ्यास पुरा झालेल्यानेच फॉर्म भरायचा. मला हे पटत नाही. ज्याच्या मनाची तयारी अशी शंभर टक्के झालेली असते, त्याला बहुधा दाखल व्हायची गरजच नसते. केंद्रं आमच्यासारख्या अर्ध्यामुर्ध्या तयारीच्या माणसांसाठी असतात.

मी ठाण्याला राहते. एका विमा कंपनीत आरोग्य विम्याचे क्लेम तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या आजारपणाच्या फाइली वाचते. घरी नवरा, तेव्हा दहावीत असलेला मुलगा आणि सासूबाई. माझं पिणं रात्रीचं, ओटा आवरून झाल्यावरचं. व्होडका, कारण तिचा वास येत नाही असा सार्वत्रिक समज आहे. (येतो. सगळ्यांना येतो. लोक बोलत नाहीत एवढंच.) आधी बाटली आणणं हेच मोठं संकट असायचं. वाइन शॉपच्या जाळीपुढे पुरुषांच्या रांगेत उभं राहणारी बाई अख्ख्या नाक्याच्या लक्षात राहते. मग मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, सरकारने दारू घरपोच द्यायला परवानगी दिली. माझ्यापुरता तो नाका तिथे संपला. सरकारला दोष देत नाही, रांगांमधली गर्दी टाळायला ते करावं लागलं असेल. पण माझ्या आणि बाटलीच्या मध्ये उभी असलेली शेवटची गोष्ट म्हणजे लोकलज्जा होती, आणि ती पिशवीत घालून दारात आली.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने नशेच्या पदार्थांबद्दल देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल आला. दिल्लीच्या एम्सने केलेली ती पाहणी. पुरुषांमध्ये पिणारे २७.३ टक्के, बायकांमध्ये १.६ टक्के. मी ते आकडे वाचले आणि पहिला विचार आला तो असा की पाहणीवाली माणसं आमच्या दारात आली असती तर मी काय सांगितलं असतं. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो मला जास्त खरा वाटतो. दारूच्या आहारी पुरते गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळतो, आणि १८० जणांमागे एकजण दाखल होऊन उपचार घेतो. बाकीचे १७९ मनाची तयारी करत बसलेले असणार.

आमच्या माहेरी दारू सुटल्याची एकच कथा आहे. ती मामाची. मामा शिरोळ तालुक्यातला. ऊस, ट्रॅक्टर आणि रोजची हातभट्टी. एका आषाढीला पंढरपूरला गेला, माळ घालून आला आणि नंतर मरेपर्यंत प्याला नाही. माझं प्रकरण दादाला कळलं तेव्हा पहिल्यांदा हीच कथा आली. “मामानं कुठलं केंद्र बघितलं होतं? मनानं घेतलं, सुटली.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही मामाकडे असायचो, त्यामुळे माळेनंतरचा मामा मी पाहिलेला आहे. दिवेलागणीला, म्हणजे पूर्वी ज्या वेळेला तो गुत्त्याकडे निघायचा नेमक्या त्याच वेळेला, देवळात हरिपाठ असायचा. मामाला उशीर झाला तर कुणीतरी दारात येऊन हाक मारायचं. पंधरा दिवसांनी एकादशी, वर्षाला वारी, दिंडीत ठरलेली जागा, ठरलेले सोबती. गळ्यात माळ दिसते म्हणून पूर्वीचे बसणारे त्याला बसायला बोलवेनासे झाले होते. म्हणजे मामाने मनाने घेतलं हे खरं, पण ते मन संध्याकाळी सात वाजता एकटं सोडलेलं नव्हतं. १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांसमोर बसून बोलायला लागले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेली संघटना उभी राहिली. तिथेही मुद्दा हाच आहे: त्या ठरावीक वेळेला कुणीतरी आपली वाट बघत असलं पाहिजे. मामाची ती सोय गावाने आणि विठोबाने करून ठेवलेली होती. ठाण्यातल्या चौदाव्या मजल्यावर रात्री साडेदहाला मला हाक मारायला कोण येणार होतं?

दुसरा पुरावा श्रावणाचा. तो मी स्वतःच द्यायचे. बायकांना गटारी नसते, पण श्रावण असतो. “मी श्रावण पाळते, म्हणजे व्यसन नाही” हे वाक्य महाराष्ट्रात किती लाख लोक म्हणत असतील देव जाणे. मीही काही वर्षं पाळला, आणि भाद्रपद लागला की मोठ्या दिमाखात पुन्हा सुरू व्हायचे. त्या वर्षी मात्र श्रावणाच्या पहिल्याच सकाळी हाताला कंप सुटला. ऑफिसात सही करताना पेन कागदावर उड्या मारायला लागलं. घामाने ब्लाउज भिजला. रात्री मुलगा आतल्या खोलीतून मला हाका मारतोय असं स्पष्ट ऐकू आलं, आणि मुलगा शाळेच्या सहलीला गेलेला होता. मी उठून प्याले. अर्ध्या तासात सगळं शांत झालं. उपास सोडल्याचं वाईट वाटलं, बाकी काही नाही. जे घडलं त्याचा अर्थ मला पुढे एका मनोविकारतज्ज्ञाच्या केबिनमध्ये कळला.

त्या केबिनपर्यंत मला नेलं ते माझ्याच धंद्याने. ऑफिसच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट आले. यकृताचे आकडे बिघडलेले: एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, जीजीटी भरमसाट, तांबड्या पेशींचा आकार शंभराच्या वर. दुसऱ्या कुणाची फाइल असती तर मी दहा सेकंदांत कडेला पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं असतं आणि “मद्यपानाचा इतिहास तपासावा” असं लिहिलं असतं. इथे नाव माझं होतं. तरी पेन्सिल हातात आलीच, सवयच ती.

घरी कुणाला न सांगता मी जागतिक आरोग्य संघटनेची ती दहा प्रश्नांची चाचणी मोबाइलवर सोडवली. किती वेळा पिता, एका वेळी किती, सकाळी उठल्यावर लागते का, कुणी काळजीने बोललं आहे का. आठ गुणांपासून धोक्याची सुरुवात, विसाच्या पुढे बहुधा व्यसनच. पहिल्यांदा उत्तरं थोडी सौम्य केली. तरी विसाच्या पुढे. सौम्य केलेल्या उत्तरांनीही जर विसाच्या पुढे जात असू तर पुन्हा सोडवण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टर साठीच्या पुढचे, तुटक बोलणारे. त्यांनी मनाच्या तयारीचं विचारलं नाही. विचारलं ते असं: कधी फिट आली होती का, बंद केल्यावर कधी भास झाले का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, घरात दुसरं कुणी पितं का, रात्री तुमच्याजवळ कोण असतं. मी श्रावणातल्या हाका सांगितल्या तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “ते घरी परत करायचं नाही.”

मग समजावून सांगितलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं की मेंदू, जो इतकी वर्षं दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो, तो दाब काढल्यावर उधळतो. पहिल्या दिवसात कंप, घाम, भास. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काही जणांना पुरता भ्रम होतो, ताप चढतो, कुठे आहोत ते कळत नाही, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, नशेची तलफ भयंकर दिसते, पण ती बंद केल्याने निरोगी माणूस सहसा मरत नाही. दारू एकदम बंद केल्याने मात्र मरू शकतो. यावर औषध आहे, साधं आणि जुनं: क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या सुरुवातीला भरपूर आणि मग रोज कमी करत नेणं, सोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कारण ते शरीरातून संपलेलं असतं आणि तसंच ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. एकूण आठवडाभराचं काम.

मला हे नवीन होतं की दाखल होणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक हे आठवड्याचं औषधपाणी, जे कुठल्याही चांगल्या रुग्णालयात होतं. दुसरं म्हणजे त्यानंतरचं महिना-दीड महिन्याचं केंद्रात राहणं. आणि प्रत्येकाला दोन्ही लागतात असंही नाही. पिणं त्या मानाने कमी असेल, पूर्वी फिट-भास झाले नसतील, घरात लक्ष ठेवणारं माणूस असेल तर औषधं घरी घेऊनही जमतं, दर एक-दोन दिवसांनी डॉक्टरांना दाखवून. पुढे तलफ कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. “केंद्रात जायलाच हवं का?” मी विचारलं. ते म्हणाले, “पहिला आठवडा तुमच्या हातात नाही, भास झालेत, रुग्णालय लागेलच. पुढचं तुम्ही ठरवा. तुमच्या घरी रात्री साडेदहा वाजता काय असतं ते तुम्हाला माहीत.”

रात्री साडेदहाला ओटा असतो.

वहिनीचा तोडगा वेगळाच होता. तिच्या ओळखीतल्या कुणाकडे तरी पावडर मिळत होती. चहात टाकायची, वास नाही, चव नाही, पेशंटला पत्ता लागत नाही. एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. या पुड्यांत काय असतं हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण अशा नकळत देण्यात ज्या खऱ्या औषधाचा वापर होतो ते म्हणजे डायसल्फिराम. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण लक्षात आला. ते पोटात असताना दारू घेतली की दारूचं शरीरात होणारं विघटन अर्ध्यावर अडकतं, तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत आहे आणि ज्याने आपणहून घेतलं आहे त्याच्यासाठी ते चांगलं कुंपण आहे. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखी बाटली उघडतो. मी वहिनीला म्हटलं, “अगं, मीच पेशंट आहे, मलाच विचारतेस कशी?” ती म्हणाली, “हो की, मी विसरलेच.” त्या सगळ्या महिन्यांत आम्ही दोघी खळखळून हसलो ती एवढीच वेळ.

पैशाचं गणित माझं मला तोंडपाठ होतं. २०१९ मध्ये विमा नियामकाने पॉलिसीत काय वगळायचं त्याचे शब्द सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखे केले आणि त्यांना क्रमांक दिले. बारावा क्रमांक आमचा: दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम. तेराव्यात स्पा आणि निसर्गोपचाराची मुक्कामी केंद्रं. बाराव्याचा शिक्का मारून मी किती फाइली परत पाठवल्या असतील, आणि त्या बहुतेक सगळ्या पुरुषांच्या, खाली बायकोची सही असलेल्या. नियम होता, लावला. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळाला पाहिजे असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत दारूशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. या दोन कागदांचं एकमेकांशी कसं जमतं यावर वकिलांनी भांडावं. गंमत मला दुसरीच वाटते. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो अजून लागू आहे, म्हणून महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आणि तो परवाना कागदोपत्री आरोग्य राखण्यासाठी दिला जातो! प्यायची ती तब्येतीसाठी, आणि तब्येत बिघडली की क्रमांक बारा.

तेव्हा खर्च खिशातून. केंद्रांचे दर फार कमी-जास्त असतात. सेवाभावी संस्थांचा खर्च मध्यमवर्गाला झेपतो, काही ठिकाणी ऐपत पाहून सवलतही मिळते. हॉटेलसारख्या ठिकाणी महिन्याला लाखाच्या पुढे. महागात पडलं म्हणजे दारू लवकर सुटते असं काही नाही, हे फाइली वाचणारी म्हणून सांगते.

आता घरातली गोष्ट, आणि इथेच खरा वेळ गेला. निर्णय लांबला तो मनामुळे कमी आणि डब्यामुळे जास्त. मुलाची दहावी. प्रिलिम जानेवारीत, बोर्ड मार्चमध्ये, म्हणजे त्याआधी नाही. मग निकाल. मग ॲडमिशन. मग सासूबाईंच्या मोतीबिंदूची तारीख. मग गणपती, आमच्याकडे गौरी असतात. प्रत्येक कारण खरं होतं, त्यातलं एकही मी बनवलेलं नव्हतं. बाईच्या कॅलेंडरात महिनाभराची मोकळी जागा कधीच नसते, ती ओढून काढावी लागते. पुरुषाला केंद्रात ठेवतात तेव्हा घरातली कटकट कमी होते. बाईला ठेवलं तर घर बंद पडतं, निदान तसं सगळ्यांना वाटतं. आणि लोकांना काय सांगायचं? नवऱ्याला भेटायला बायका येतात. बायकोला भेटायला नवरे येतात का, हेही मला कुणाला विचारता येत नव्हतं.

एका रविवारी नवऱ्याने वही घेतली आणि लिहायला बसला. पोळ्यांना बाई लावायची, दोन्ही वेळा. मुलाच्या क्लासला सोडायचं त्याने. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायचे मुलाने. ऑफिसात वैद्यकीय रजा, प्रमाणपत्रावर डॉक्टरांनी यकृताचं लिहिलं, ते खोटं नव्हतं. सासूबाईंना पुण्याला ट्रेनिंग असं सांगायचं ठरलं. ते पान भरल्यावर तो म्हणाला, “झालं. आता तुझी मनाची तयारी झाली की सांग.” मी म्हटलं, “ती व्हायची नाही. तू तारीख टाक.”

माझ्या मते निर्णय घेतला गेला तो तिथे. सोडायचा निर्णय नव्हे, ते मला जमेल असं मला अजिबात वाटत नव्हतं. तारीख दुसऱ्याला टाकू द्यायचा. याला दुबळेपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

केंद्र निवडायला महिना गेला. मराठी माणसाच्या डोक्यात व्यसनमुक्ती म्हटलं की येरवडा येतो. तिथे १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, आणि सुरुवात झाली ती मनोरुग्णालयाच्या आवारात. तिथला मुक्काम ३५ दिवसांचा, आणि बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. मी कुठे होते ते इथे लिहीत नाही, कारण माझ्यासोबत ज्या होत्या त्यांची ओळख त्यातून उघड होऊ शकते. पण शोधताना पाहिलं ते सांगते. पुष्कळ ठिकाणी बायकांना घेतच नाहीत. काही ठिकाणी घेतात आणि वेगळी सोय दाखवा म्हटलं की विषय बदलतात. एका ठिकाणी फोनवरच्या माणसाने विचारलं, “पेशंट येत नसेल तर गाडी पाठवू का? चार पोरं येतात, उचलून आणतात.” मी म्हटलं, पेशंट तुमच्याशीच बोलतेय. त्याने फोन ठेवला.

ही उचलून आणणारी केंद्रं खरीच आहेत, आणि मारहाणीच्या बातम्याही आपण अधूनमधून वाचतो. म्हणून कायदा जरा माहीत असलेला बरा. २०१७ चा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे सज्ञान माणूस स्वतःहून दाखल झाला असेल तर स्वतःहून बाहेर पडू शकतो. फार तर डॉक्टर त्याला तपासणीसाठी २४ तास थांबवून ठेवू शकतात, तेही कायद्यात दिलेल्या कारणांवरून. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर वेगळी वाट आहे, तिला दोन तज्ज्ञांची तपासणी लागते आणि मुदत ३० दिवसांची. गाडीतली चार पोरं या दोन्हींत कुठेच बसत नाहीत. आम्ही जिथे जिथे गेलो तिथे नवऱ्याने तीन गोष्टी विचारल्या: नोंदणीचा कागद दाखवा, रात्री डॉक्टर असतो का, फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता. कागदाला वेळ लावला तिथून आम्ही चहा न घेता उठलो. ज्यांना सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही त्यांच्यासाठी १४४४६ हा सरकारी फोन आहे, व्यसनासाठीचाच.

दाखल करून घेताना समुपदेशक बाईंनी विचारलं, “सोडावीशी वाटते?” मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. म्हटलं, रोज सकाळी वाटते, रात्री नाही वाटत. त्यांनी ते तसंच फॉर्मवर लिहिलं. म्हणाल्या, “पुष्कळ झालं. सकाळच्या बाईशी बोलू आपण.” नंतर कळलं की हे काही त्यांचं वेगळं औदार्य नव्हतं, ती रीतच आहे. विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये लिहून ठेवलं, आणि पुढे त्यावर अख्खी पद्धत उभी राहिली, की हवं आणि नको हे दोन्ही एकाच वेळी वाटणं हीच व्यसनी माणसाची नेहमीची अवस्था असते. त्याला दरडावलं की तो पिण्याची बाजू मांडायला लागतो. नुसतं विचारत राहिलं की सोडण्याची बाजू तोच बोलून दाखवतो. घरी दोन वर्षं सगळे मला दारूचे तोटे सांगत होते आणि मी फायदे. इथे कुणी तोटे सांगेना, तेव्हा ते मलाच सांगावे लागले.

आतल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. सकाळी प्रार्थना, व्यायाम, सत्रं, जेवणं, डायरी, संध्याकाळी मीटिंग. कंटाळा प्रचंड. फोन नाही. भांडणं बादलीवरून आणि पंख्याखालच्या पलंगावरून. माझ्या डाव्या पलंगावर विदर्भातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, उजव्या पलंगावर कॉल सेंटरमधली एक पंचविशीची मुलगी. तिघींत मिळून मनाची तयारी म्हणाल तर एका माणसाला पुरेल एवढीही नसेल. मुख्याध्यापिकाबाईंना मुलाने आणलं होतं आणि त्या रोज घरी जायची धमकी द्यायच्या. आमच्या तिघींत त्यांचंच सगळ्यांत बरं चाललं आहे. मुलगी आली तीच ठाम निश्चय करून, भिंतीला वचनं चिकटवून. तिची दोनदा स्लिप झाली, म्हणजे ती पुन्हा प्याली. एवढ्यावरून नियम काढता येत नाही, पण मला विचारणाऱ्यांना मी हे सांगते.

आणि रात्री साडेदहा वाजता दिवे बंद. ओटा नाही. शरीराला तेवढंच हवं होतं, काही आठवडे तो ओटा समोर नसणं.

घरी आल्यावर औषधं चालू राहिली, मीटिंग चालू राहिल्या, पोळ्यांच्या बाईही चालू राहिल्या. त्या तिसरीचं महत्त्व पहिल्या दोघांइतकंच आहे. रात्रीचा ओटा आता नवरा आवरतो, वाईट आवरतो, मी बघत नाही.

सासूबाईंना ट्रेनिंगची थाप एक दिवसही पटली नव्हती. त्यांनी मला काही विचारलं नाही. पण पुढच्या महिन्यात आमच्याकडे त्यांची भिशी होती, मी चहाचे कप घेऊन बाहेर येत होते, तेवढ्यात त्यांचा आवाज आला. “सुनेला दारूच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आता बरी आहे.” शेजारच्या काकूंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचं जसं सांगायच्या, त्याच आवाजात. बायका क्षणभर गप्प झाल्या, मग कुणीतरी चकलीचं विचारलं.

त्यातल्या दोघींनी नंतर माझ्याकडून फोन नंबर नेला. एकीने जावयासाठी, एकीने मुलासाठी. तिसऱ्या, ज्या दर भिशीला सगळ्यांत आधी निघायच्या, त्यांनी पुष्कळ दिवसांनी लिफ्टमध्ये विचारलं, तेही दार बंद झाल्यावर. कुणासाठी ते सांगितलं नाही. किती दिवस ठेवतात, स्वतःची चादर न्यावी लागते का, बाहेर सोडतात का. मग म्हणाल्या, “गुरुवारचा उपास असतो. तिथे उपासाचं मिळतं?”

मिळतं, म्हटलं. साबुदाण्याची खिचडी. दाण्याचं कूट कमी घालतात, पण मिळते.